घंटा वाजायच्या आत

ऋचा ‘ड्रायव्हर’ लिहिते, असं सांगितलं की ठाण्याच्या काकू हमखास विचारायच्या, म्हणजे गाड्यांचं काही का? मग ऋचा समजावून सांगायची. कॉम्प्युटरवरचा खेळ आणि कॉम्प्युटरमधलं चित्र काढणारं कार्ड यांच्यात एक दुभाषा लागतो. खेळ म्हणतो, इथे समुद्र काढ, तिथे खडक काढ, वर धुकं पसर. कार्डाला ती भाषा कळत नाही. ती कळेल अशी करून देतो तो ड्रायव्हर. काकू मनापासून मान डोलवायच्या आणि पुढच्या फोनवर पुन्हा गाड्यांची चौकशी करायच्या.

सिंगापूरला, आंग मो किओच्या इंडस्ट्रियल पार्कमधल्या एका कंपनीत ती कामाला होती. २०१३ साल होतं. घराघरांतल्या कॉम्प्युटरमध्ये चार-चार कोअरचे प्रोसेसर आले होते, म्हणजे एकाच चिपवर काम करणारी चार डोकी. जुना ड्रायव्हर मात्र सगळा भार त्यातल्या एकाच डोक्यावर टाकायचा आणि बाकीची तिघं नुसती बसून राहायची. ऋचाच्या टीमने नवा ड्रायव्हर लिहायला घेतला होता. यात खेळाने हुकूम टाकायचा आणि न थांबता पुढे जायचं. मागे इतर कोअर तो हुकूम उचलणार, भाषांतर करणार आणि चित्र तयार ठेवणार. पहिल्या चाचण्यांचे आकडे इतके चांगले आले की तिचा मॅनेजर प्रबोध, जो सहसा कोणाचं कौतुक करत नसे, त्याने सगळ्यांना हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, नेऊन उसाचा रस पाजला.

त्याच वर्षी जूनमध्ये सुमात्रातल्या जळत्या रानांचा धूर सिंगापूरवर येऊन बसला. समोरच्या इमारती पुसट झाल्या, हवेला शेगडी विझवल्यासारखा वास येऊ लागला. ऑफिसने घरून काम करायची मुभा दिली, तेव्हा ऋचाने चाचणीचं एक मशीन टॅक्सीत घालून बुकित बातोकच्या आपल्या फ्लॅटवर आणलं आणि हॉलमध्ये, बाबांच्या खुर्चीशेजारी मांडलं. दुसरीकडे जागाच नव्हती.

बाबा, म्हणजे शामकांत उपासनी, तेव्हा तिच्याकडे राहायला आले होते. उभा जन्म त्यांनी मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढला होता, शेवटची कित्येक वर्षं चीफ इंजिनियर म्हणून. आई गेल्यावर ते ठाण्याला ऋचाच्या भावाकडे राहत. हातांना थरथर सुरू झाली होती. डॉक्टरांनी पार्किन्सनची सुरुवात म्हटलं होतं. त्यांना त्या थरथरीचा त्रास कमी आणि लाज जास्त होती. जेवताना ते डावीकडे तोंड करून बसत, म्हणजे आमटीचा चमचा कोणाला दिसू नये.

बुकित बातोकला आल्यावर मात्र त्यांचं बरं चाललं होतं. सकाळी खालच्या कोपीटियममध्ये, म्हणजे तिथल्या कॉफीच्या हॉटेलात, बिनसाखरेची कोपी, मग टेकडीला एक फेरी. धुराने दोन्ही बंद पडलं. खिडक्या लावून घरात बसायची वेळ आली तेव्हा त्यांनी ऋचाला विचारलं, तू दिवसभर त्या पडद्यावर काय बघतेस?

ती चाचणीसाठी एक होडीचा खेळ वापरत होती. धुक्यातल्या बेटांमधून एक छोटी मोटरबोट चालवायची, खडक चुकवायचे, शेवटी धक्क्याला लावायची. लाटा आणि धुकं काढायला फार काम पडतं, म्हणून ड्रायव्हरचा कस पाहायला तो खेळ उत्तम. तिने बाबांना ड्रायव्हरचं काम काकूंना सांगायची तसंच सांगितलं. ते मध्येच म्हणाले, कळलं. वर ब्रिजवर कॅप्टन, खाली इंजिनरूम. पूर्वी वरून हुकमाची घंटा वाजली की एकच माणूस धावायचा, आता चौघं धावतात.

इतकं नेमकं तिला स्वतःलाही कधी सांगता आलं नव्हतं. तिने दोन्ही हातांत धरायचा कंट्रोलर त्यांच्या हातात दिला, अंगठ्याने होडी कशी वळवायची ते दाखवलं आणि स्वतः जेवणाच्या टेबलावर कामाला बसली.

दुपारभर ते खेळले. विवेक, तिचा नवरा, संध्याकाळी तांजोंग पगारच्या ऑफिसातून मास्क लावून परतला तेव्हा बाबा त्याला म्हणाले की आज आठ वर्षांनी बोट चालवली. त्यांचा चेहरा उजळला होता. रात्रीच्या जेवणाला ते सरळ बसले.

रोज दुपारी असंच होऊ लागलं. ऋचाला बरं वाटायचं. कामही होत होतं आणि मागे बाबांचं गुणगुणणंही ऐकू येत होतं. एकदा चहा पिताना ते म्हणाले, “तुझी खालची माणसं चांगली आहेत. घंटा वाजायच्या आत कामाला लागतात.”

तिने ते कौतुक म्हणून घेतलं.

पण मग तिच्या लक्षात आलं की बाबांचा अंगठा थरथरतो आणि होडी थरथरत नाही. ती पाण्यावरून ओढलेल्या रेघेसारखी सरळ जायची. अंगठ्याची थरथर गाळून टाकणारं असं ड्रायव्हरमध्ये काहीच नव्हतं. खेळातही नव्हतं. तिने सहज म्हणून मोजणी लावली. अंगठा हलल्यापासून पडद्यावर होडी वळेपर्यंत जो निसटता वेळ जातो, तो कमी करणं हे तिच्या टीमचं निम्मं काम. तो कमी होतो, पण शून्य होत नाही. होऊच शकत नाही.

बाबा खेळताना तो शून्याच्या खाली होता.

ऋचा घाबरली नाही. अशा वेळी आपलं मोजमाप चुकलेलं असतं, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं. प्रबोधनेही फोनवर तेच सांगितलं. प्रत्येक कोअरचं घड्याळ किंचित वेगळं चालतं, एकावर सुरुवात मोजलीस आणि दुसऱ्यावर शेवट, तर काहीही उत्तर येईल. तिने सगळी मोजणी एकाच घड्याळावर आणली. स्वतः खेळून पाहिलं, उत्तर जसं यायला हवं तसं आलं. विवेकला बसवलं, तेही ठीक आलं. मग बाबा बसले आणि आकडा पुन्हा शून्याच्या खाली गेला.

शेवटी तिने मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवला आणि बाबांचा अंगठा व पडदा दोन्ही एका चौकटीत येतील असं चित्रीकरण केलं. मोबाइलचा ड्रायव्हरशी काही संबंध नव्हता. नंतर न्हाणीघरात जाऊन, दार लावून, तिने ते सावकाश सरकवत पाहिलं.

होडी डावीकडे झुकत होती. मग अंगठा डावीकडे जात होता.

तिने ते विवेकला दाखवलं. त्याने दोनदा पाहिलं, म्हणाला व्हिडिओत काहीतरी मागेपुढे झालं असेल, आणि मग तो उठून बाल्कनीची काच नीट लागली आहे का ते पाहून आला.

धूर आणखी दाट झाला तो आठवडा. खाली मुलं दिसेनाशी झाली. बस गेली की तिचा आवाज यायचा, बस दिसायची नाही. जेवणानंतर बाबांना खेळता खेळता खुर्चीतच डुलकी लागली. कंट्रोलर मांडीवर घसरला. ऋचा तो उचलायला उठली आणि जागीच थांबली.

होडी चालली होती. धुक्यातून एक काळा खडक पुढे आला, होडीने वेग कमी केला, खडकाच्या आतल्या बाजूच्या अरुंद पट्टीतून ती बेताने बाहेर पडली आणि पुन्हा वेग घेतला. शेजारच्या छोट्या पडद्यावर प्रोसेसरचा आलेख होता. चारही कोअर सारखे, शांतपणे काम करत होते.

तिने वाकून कंट्रोलरची वायर काढली.

होडी थांबली नाही. बेटाला वळसा घालून ती धक्क्यापाशी आली, अलगद बाजूला लागली, आणि मगच आलेखावरच्या चारही कोअरच्या रेघा खाली आल्या. थोड्या वेळाने बाबांनी डोळे उघडले. ते ताजेतवाने दिसत होते. म्हणाले, काळ्या खडकाच्या आतून आणली मी आज, बाहेरच्या अंगाला लाटा फार होत्या.

ऋचाने चहा ठेवला. चहा करताना ती स्वतःशी मुद्दे मांडत होती. कंट्रोलरकडून हुकूम आला नाही. खेळाने तो ड्रायव्हरला दिला नाही. तरी मागचे कोअर काम करत होते, म्हणजे त्यांना काम कुठून तरी येत होतं. ड्रायव्हरमध्ये प्रत्येक कामावर ते कोणी टाकलं याची खूण असते. तिने त्या दुपारच्या खुणा काढून पाहिल्या. जिथे खेळाचं नाव असायला हवं तिथे ती जागा कोरी होती. काम मात्र चोख झालेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने तेच केलं जे तिच्या जागी कोणत्याही इंजिनियरने केलं असतं. बाबांना झोप लागून होडी बेटांच्या मधोमध पोचली, तेव्हा तिने ड्रायव्हरमधली चार कोअरना काम वाटून द्यायची सोय बंद केली. सगळं काम पुन्हा एका कोअरवर, पूर्वीसारखं.

चित्र अडखळलं. होडी थांबली आणि वाऱ्याने आडवी झाली. लाट तिच्या कुशीवर आदळली, मग दुसरी.

खुर्चीत बाबांचा श्वास अडकला.

आधी तिला तो घोरण्यातला खंड वाटला. पण मग त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या कडा चाचपू लागले, ओठ पांढरे पडले. तिने हाक मारली, खांदे धरून हलवलं. डोळे अर्धे उघडे होते, पण त्यांना ती दिसत नव्हती. त्यांच्या कपाळाला हात लावला तर ते गार आणि ओलं होतं.

तिने धावत जाऊन ती सोय पुन्हा सुरू केली.

चारही रेघा एकदम वर आल्या. होडी सरळ झाली. बाबांनी खोल श्वास घेतला, ओठांवर रंग आला, आणि ते तसेच झोपून राहिले, होडी धक्क्याला लागेपर्यंत. ऋचा त्यांच्या पायाशी फरशीवर बसून होती.

जागे झाल्यावर त्यांनी तिच्याकडे पाहिलं. रागावलेले नव्हते.

“मध्येच इंजिन बंद पडलं होतं,” ते म्हणाले. “पाण्यात असताना असं करायचं नाही, बाळा. धक्क्याला लागल्यावर काय ते करावं.”

ती बरं म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने त्यांना जवळच्या पॉलिक्लिनिकमध्ये नेलं. तरुण डॉक्टरने छाती तपासली, ईसीजी काढला आणि सांगितलं की या वयात इतकं निरोगी हृदय क्वचित दिसतं. परतताना बाबांनी कोपीटियममध्ये थांबायचा हट्ट धरला. कोपीचा पेला त्यांनी एका हाताने उचलला. एक थेंबही सांडला नाही. त्यांनी स्वतः तो पेला पुन्हा खाली ठेवून पुन्हा उचलून पाहिला आणि ते हसले, इतकं मोकळं की शेजारच्या टेबलावरच्या दोन चिनी आजोबाही हसले.

यानंतर ऋचाने ती सोय बंद केली नाही. ऑफिसात तिने मोजणीतली गडबड कळवली, प्रबोधने तिच्यासमोर ऑफिसातल्या प्रत्येक मशीनवर चाचणी घेतली आणि कुठेच काही सापडलं नाही. बाबांच्या झोपेबद्दल तिने त्याला काही सांगितलं नाही. ठरल्याप्रमाणे नवा ड्रायव्हर जगभर गेला. लोक खूश झाले. त्याच कार्डावर, त्याच मशीनवर खेळ कितीतरी वेगाने चालू लागले होते, आणि तेही नवं काही विकत न घेता.

चाचणी विभागातली वेइ लिंग खेळणाऱ्यांचे अभिप्राय वाचायची. एकदा जेवणाच्या सुट्टीत ती सांगत होती की बरेच लोक एकच गोष्ट लिहितात, आपल्या मनातलं याला आधीच कळतं. कुठल्याशा थंड देशातल्या बाईने लिहिलं होतं की तिच्या आजीला हातात कप धरवत नव्हता, पण हल्ली ती दुपारभर होडीचा खेळ खेळते आणि खेळता खेळता गाढ झोपते. सो स्वीट ला, असं सिंगापुरी इंग्रजीत म्हणून वेइ लिंगने पुढचा घास घेतला.

धूर केव्हाच निवळला होता. बाबांची परत जायची वेळ झाली. चांगी विमानतळावर निरोप देताना त्यांनी स्वतःची बॅग स्वतः उचलली. आई गेल्यानंतर त्यांना इतकं मजेत तिने पाहिलं नव्हतं. आत जाताना त्यांनी एवढंच सांगितलं की ते मशीन बंद करू नकोस.

तिने केलं नाही. प्रदीर्घ चाचणीसाठी हवंय असं सांगून ते घरीच ठेवून घेतलं. इंटरनेटची वायरही काढून ठेवली, उगाच एखादा नवा ड्रायव्हर येऊन बसायला नको. भारतात दुपारची जेवणं आटोपायची वेळ झाली की चार रेघा वर येत आणि होडी धक्का सोडी. खुर्ची रिकामी असे, कंट्रोलर कपाटात असे. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा तिने ठाण्याला फोन लावला. नीतावहिनी म्हणाली, बाबा आत्ताच जेवून आडवे झालेत, उठवू का? नको, ऋचा म्हणाली.

विवेकने एका शनिवारी तो पूर्ण फेरा तिच्या शेजारी बसून पाहिला. शेवटी विचारलं, बाबा खूश आहेत ना? मग राहू दे. त्यानंतर शनिवारची दुपार म्हणजे चहाचे दोन कप आणि हॉलमधून जाणारी होडी, असं त्यांचं ठरूनच गेलं. खरं सांगायचं तर त्यात एक समाधान होतं. फोनवर बाबांचा आवाज भरलेला असायचा. वजन वाढलं होतं. हात दगडासारखा स्थिर झाला म्हणून ठाण्याचे डॉक्टर चकित झाले होते.

पुढच्या वर्षी, अशाच एका शनिवारी, होडी वळली नाही.

त्या खेळात शेवटच्या बेटापलीकडे काही नव्हतं. बनवणाऱ्यांनी तिथे धुक्याची भिंत ठेवली होती. होडी तिच्यापाशी गेली की खेळच तिला मागे फिरवायचा. त्या दिवशी ती भिंतीत शिरली आणि आत जात राहिली.

पडदा पांढरा झाला. चारही रेघा टोकाला टेकल्या. मशीनचा पंखा घोंघावू लागला.

विवेकने वायरकडे हात नेला. ऋचाने तो धरला.

तिने स्काइपवरून ठाण्याला लावलं. नीतावहिनीने हळूच फोन फिरवून दाखवलं. बाबा पलंगावर उताणे झोपले होते. चेहऱ्यावर उन्हाचा चौकोन पडला होता. छाती संथ वरखाली होत होती. इतकी शांत झोप, वहिनी कुजबुजली, लहान मुलासारखी.

धुकं विरळ होत गेलं.

समोर एक बंदर होतं. कोणी काढलेलं नव्हतं ते. ऋचाला त्या खेळातला प्रत्येक खडक पाठ होता, आणि असं बंदर त्यात कुठे नव्हतं. लांबच लांब दगडी धक्का, आणि त्याला बांधलेल्या होड्या. बाबांच्याच होडीसारख्या. शेकडो. सगळ्या रिकाम्या आणि सगळ्या एकाच वेळी पाण्यावर वरखाली होत होत्या.

बाबांची होडी त्यांच्यासमोरून सावकाश गेली. मध्ये एक जागा होती. ती तिथे शिरली आणि थांबली.

रेघा खाली आल्या. पंखा शांत झाला.

ठाण्यात बाबांनी डोळे उघडले. फोनकडे, म्हणजे थेट ऋचाकडे पाहून ते हसले.

“पोचलो गं,” ते म्हणाले. “तू तुझी सावकाश ये. घाई नाही.”

मग वहिनीला म्हणाले, चहा टाक.

ऋचा पडद्याकडे पाहत होती. होडीच्या शेजारी आणखी एक मोकळी जागा होती, एका होडीपुरती. तिथल्या दगडी खुंट्यावर, एसटीच्या सीटवर जागा धरायला टाकतात तसा, एक घडी घातलेला पांढरा रुमाल ठेवलेला होता.